चुन्याच्या डबीतलं पार्लर

बसायचं म्हटलं की त्या बाईच्या अंगावर काटा यायचा. जीपमध्ये पुढची सीट दिली तरी अर्धवट टेकणार, एक हात वरच्या दांडीला, डोळे बाहेर आणि तोंड चालू. नारायणगावात स्टँडच्या मागं त्यांचं पार्लर होतं, पण ते उघडं बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय. दुकानाला कुलूप आणि बाई रस्त्यावर. आज चावंडला लग्न, उद्या मंचरला साखरपुडा, परवा घोडेगावात डोहाळजेवण. आणि न्यायला-आणायला मी. माझी वडापची जीप आहे, सीटवर माणसं भरून जुन्नर-नारायणगाव करतो. लग्नसराईत मात्र त्या मला दिवसभरासाठी सांगून ठेवायच्या, कारण दुसरा एकही ड्रायव्हर त्यांच्या बडबडीपुढं टिकत नव्हता.

सगळे त्यांना पार्लरवाल्या ताई म्हणायचे. नवऱ्या नटवायचं काम. आता त्या इकडं नाहीत. कोकणात कुठंतरी समुद्रकाठच्या लग्नांना जातात म्हणे. जात असतील. पायाला भिंगरी लागलेली बाई, ती काय नारायणगावात म्हातारी होणार होती? पण उन्हाळा लागला आणि काचेतून ऊन आत यायला लागलं की मला त्यांची आठवण येते, आणि खरं सांगायचं तर चिडचिडही होते. माणूस आपलं निघून जातं, सवयी लावून जातं.

आमची ओळखच भांडणानं झाली. पहिल्यांदा गाडीत बसल्या, माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "ओ भाऊ, ह्यो उजवा हात कुणाचा घेऊन आलाय?"

मला कळेना. "म्हंजी?"

"डावा तुमचा दिसतोय. उजवा दुसऱ्या माणसाचा हाय. काळाठिक्कर, वर सुरकुत्या. सासऱ्याचा आणलाय का?"

मागं बसलेली माणसं खो खो हसली. माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "ताई, ड्रायव्हरचा हात हाय. खिडकीला असतो दिवसभर. काळा न्हाई व्हणार तर काय गुलाबी व्हणार?"

"गुलाबी नगं. नुसता तुमचा व्हऊ द्या." असं म्हणून त्यांनी पर्समधून एक इवलीशी डबी काढली, बोटभर पांढरं मलम काढलं आणि चालत्या गाडीत माझ्या हाताला फासलं. ना विचारणं, ना पुसणं. मी स्टिअरिंग धरू का हात ओढून घेऊ! घरी आल्यावर बायको म्हणाली, "आता टिकली तेवढी लावायची ऱ्हायलीय." पण पुढच्या फेरीला बाई पुन्हा बसल्या आणि हात पुढं करा म्हणाल्या, तेव्हा मी केला. काय करणार? त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मलम सोपं होतं.

ती डबी चुन्याची होती. पानाच्या टपरीवर मिळते ती, फिरकीच्या झाकणाची, बोटाच्या पेराएवढी. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या चंचीत तंबाखूशेजारी असते. आधी ताईंकडं मोठी पेटी होती, कप्प्याकप्प्यांची, दोन माणसांनी उचलायची. एकदा भर वैशाखात मंचरच्या लग्नाला जाताना ती टपावर बांधली. पोचून उघडली तर लिपस्टिकी वितळून एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या, पावडरीचा चिखल झालेला, आणि कुठल्याशा महागड्या क्रीमचं ताक वेगळं, लोणी वेगळं. ताई पेटीकडं बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील. त्यांनी पदर खोचला आणि तडक समोरच्या टपरीवर गेल्या.

"चुन्याच्या रिकाम्या डब्या द्या."

टपरीवाला म्हणाला, "मॅडम, तंबाखूचा धंदा काढताय का?"

"तुमच्या पोटावर पाय द्यायचा न्हाई मला. डब्या द्या."

त्या दिवसापासून त्यांचं अख्खं पार्लर हातरुमालात मावायला लागलं. एका डबीत तोंड धुवायचं, एकीत ओलाव्याचं, एकीत उन्हाचं. बस. रंगाचं थोडं सामान एका चपट्या डब्यात, तेही पाहुण्यासारखं. "तोंड तळहाताएवढं, त्याला सामान मुठीएवढं," असं म्हणायच्या. "बाकी सगळं दुकानदाराच्या पोराच्या शिक्षणासाठी."

आणि हे सगळं जीपमधल्या प्रत्येकाला ऐकावं लागायचं. नारायणगावात हवा कोरडी, तिथं ओलाव्याचं जास्त लावा. जुन्नर सोडलं, आपटाळ्याच्या पुढं चढाला लागलं की कोकणातली वाफ वर येते, घाम सुटतो, मग ओलाव्याचं कमी करा, नाहीतर तोंडाची भजी होतात. घाम आला की टिपायचा, चोळायचा नाही. टिपला की उन्हाचं पुन्हा लावायचं. भीमाशंकरला पावसात जाताय? ढग आहेत म्हणून उन्हाचं सोडू नका, ढगाला काय पत्र्याचं छप्पर आहे का? टोमॅटोच्या क्रेटवर बसलेला शेतकरी, दर्शनाला निघालेल्या बायका, कंडक्टरकी सोडून गावी चाललेला म्हातारा, कुणाची सुटका नव्हती. एकदा एका पोलिसाला त्यांनी भर नाक्यावर सांगितलं, "साहेब, टोपी कपाळाला लागती तिथं घाम साचतोय तुमच्या. धूत जा." तो माझी कागदपत्रं बघत होता हो! मी मनातल्या मनात कुलदैवताला नारळ बोलून टाकला. पोलिसानं टोपी काढली, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "कशानं धुवू?" आम्ही सुटलो.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या दोन्ही गालांवर वांग होता. चांगला ठसठशीत, तपकिरी. लोक तोंडावर बोलायचे, पार्लरवालीच डागाची. त्या म्हणायच्या, "न्हाव्याची दाढी कधी गुळगुळीत बघितली का?" आणि झाकायच्या नाहीत. नवरीची आत्या-मावशी आली आणि म्हणाली, "ताई, जरा गोरी करा आमची पोर," की यांचा पारा चढायचा. "गोरी करायला मी काय चुनखडीची भिंत रंगवतेय? ताजी करीन. गोरी पाहिजे व्हती तर देवाकडं आधीच नंबर लावायचा." काही लोक अशानं चिडून दुसरीला बोलवायचे. ताईंना फरक पडत नव्हता. म्हणजे पडत असेल, पण थांबून दाखवायला वेळ कुणाला होता?

त्यांचा एक नियम मात्र खरा होता. जे चुरचुरतं ते तोंडाचं नाही. काही लावलं आणि नवरी म्हणाली चुरचुरतंय, की हातातलं टाकून आधी पाणी. मग ते कितीही भारी का असेना. आणि एक खोड होती. डबी बघून उचलायच्या नाहीत. झाकणांवर नेलपॉलिशचे ठिपके दिलेले होते, पण घामानं ते केव्हाच गेले होते. मी दहादा म्हणालो असेन, "ताई, नाव टाका डब्यांवर." तर म्हणायच्या, "नाव वाचायला थांबावं लागतं भाऊ. माझ्या बोटांना डोळं हायेत."

बोटांना डोळे! मला तेव्हाही हे ऐकून राग यायचा. घाईच्या माणसाला वाटतं, घाई म्हणजेच कसब.

तर ते लग्न. घाटघरच्या अलीकडच्या एका वाडीत होतं. वैशाखातलं, दुपारचा मुहूर्त. ताईंनी त्याच दिवशी सकाळी ओतूरकडं एक हळद उरकली होती आणि संध्याकाळी परत नारायणगावात कुणाचं तरी केळवण घेतलं होतं. मी म्हणालो, "ताई, एका दिवसात किती तोंडं करणार?" त्या म्हणाल्या, "तुमी गाडी हाणा." वाडीत पोचलो तर हवा नुसती चिकट. कोकणकड्यावरून वाफ येत होती आणि झाडाचं पान हलत नव्हतं. मांडवात वऱ्हाड येऊन बसलं होतं. वऱ्हाड आंबेगाव तालुक्यातलं, भीमाशंकराच्या रस्त्याच्या गावचं. नवरदेवाला मी ओळखत होतो, नारायणगावच्या मार्केटात टोमॅटोचा पिकअप चालवायचा. कमी बोलणारा पोरगा. रस्त्यात समोरून आला तर लाईट मारून हात करायचा, बस तेवढीच ओळख.

ताई नवरीच्या खोलीत गेल्या आणि मी हिरड्याच्या झाडाखाली टेकलो. खोलीत काय झालं ते मला नंतर कळलं, पण इथंच सांगतो म्हणजे गोंधळ नको. ताईंनी डब्या खिडकीच्या फळीवर मांडल्या. तेवढ्यात नवरीचा मामा भाचीला बघायला आत आला. मंगलाष्टकांना तोच तिच्या मागं उभा राहणार, त्यामुळं सकाळपासून छाती काढून फिरत होता. भाचीच्या डोक्यावरनं हात फिरवायचा म्हणून त्यानं हातातली चंची आणि चुन्याची डबी फळीवर ठेवली. डोळे पुसले, चंची उचलली, डबी उचलली आणि बाहेर आला. डबी उचलली ती ताईंची. आपली तिथंच राहिली.

तो आला माझ्याकडं. "बसा पावणं," म्हणत शेजारी टेकला, तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना काढला आणि लागला मळायला. मळतोय, मळतोय, तंबाखू आपली गिळगिळीत. म्हणाला, "चुना लई वला झालाय गर्मीनं." आणि टाकली दाढेखाली. दुसऱ्याच क्षणाला थू थू करत उठला. "आयला, ह्यो चुना हाय का साबण!"

मी पोट धरून हसलो. हसता हसता त्याच्या हातातली डबी बघितली, आणि हसू तिथंच विरलं. ही डबी मी रोज बघत होतो. ही जर ताईंची, तर मामाची कुठंय?

मी पळालो. दारात बायका. "ओ, नवरीच्या खोलीत बाप्यांनी यायचं न्हाई!" मी बाहेरूनच ओरडलो, "ताई! हातातली डबी टाका! चुना हाय चुना!"

आत ताईंनी दोन बोटं भरून नवरीच्या डाव्या गालाला फासलं होतं, उन्हाचं म्हणून. पोरगी म्हणाली होती, "ताई, चुरचुरतंय." आणि ज्या बाईचा एवढा एकच नियम होता, ती बाई म्हणाली होती, "सोस जरा. टाईम न्हाई."

माझा आवाज ऐकला आणि त्यांनी पोरीला दंडाला धरून मागच्या दारी ओढलं. जेवणासाठी टँकरच्या पाण्यानं भरलेली पिंपं होती तिथं. घाटमाथ्यावर पावसाळ्यात दिसेल तिकडं पाणी, पण वैशाखात हंडाभर पाण्यासाठी बायका विहिरीच्या तळाला उतरतात. ताईंनी गाल आधी कोरड्या फडक्यानं टिपला आणि मग तांब्यावर तांब्या ओतायला सुरुवात केली. बायका धावल्या. एकजण म्हणाली चुन्यावर लिंबू पिळा. एकीनं तुपाची वाटी आणली, एकीनं दात घासायची पेस्ट. "फकस्त पाणी!" ताई ओरडल्या. "दुसरं काय आणलं तर हात मोडीन!" आचारी पळत आला, "ओ बाई, भाताचं पाणी हाय ते!" ताई म्हणाल्या, "मग भात कमी घाला." आणि ओतत राहिल्या. नवरीचा शालू छातीपासून खाली भिजला. पोरगी डोळे घट्ट मिटून उभी. हूं नाही की चूं नाही.

उपकेंद्राच्या नर्सबाईंना कुणीतरी मोटरसायकलवर घेऊन आलं. त्यांनी बघितलं, डोळा वाचलाय म्हणाल्या, आज गालाला काही लावू नका, नुसतं स्वच्छ ठेवा आणि उद्या जुन्नरला डॉक्टरांना दाखवा. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. पण गाल! डोळ्याच्या खालपासून जबड्यापर्यंत लालबुंद, सुजलेला, मधे कातडं पांढुरकं. मी दारातून बघितलं आणि मान फिरवली.

नवरीची आई ताईंच्या पुढं हात जोडून उभी राहिली. शिव्या द्यायच्या सोडून हात जोडत होती, ते बघवत नव्हतं. "ताई, झाका ओ. काय बी करा, पण झाका. वऱ्हाड मांडवात बसलंय. डागाची पोर म्हणून उठून गेलं तर हिच्याकडं पुन्यांदा कोण येणार?"

ताईंनी रंगाचा चपटा डबा उघडला. मी बघत होतो. झाकलं असतं तर बाहेर कुणाला काही कळलं नसतं. पोरीचं लग्न लागलं असतं आणि ताईंचं नावही राहिलं असतं. उद्या कातडं सोललं असतं ते सासरी, लांब. त्यांनी बोटावर रंग घेतला, हात गालापर्यंत नेला आणि तो तिथंच अडला. एवढी वर्षं मी त्यांचा हात बघत होतो, खड्ड्यातून गाडी जाताना काजळ घालणारा हात तो.

"न्हाई वैनी," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर रंग चढवला आणि आत घाम कोंडला तर जल्माचा डाग ऱ्हाईल. मी न्हाई लावणार."

"आवं, पण लगीन मोडंल!"

"मोडू देत न्हाई," म्हणाल्या आणि पदर खोचून मांडवाकडं निघाल्या.

मांडवात बातमी त्यांच्या आधी पोचली होती. अशा बातमीला पाय लई असतात. कुणी म्हणत होतं नवरीच्या तोंडावर डाग निघालाय, कुणी म्हणत होतं कोड असंल, आजवर लपवून ठेवलं. वऱ्हाडातला एक जाड मिशीवाला उठून उभा राहिला आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाला, "आरं, पोरीकडच्यांनी चुना लावला आपल्याला!"

"लावला!" ताई तितक्याच मोठ्यांदा म्हणाल्या. "पण त्यांनी न्हाई. मी लावला. खायचा चुना, खराखुरा. डबी बदलली, मी न बघता उचलली. पोर चुरचुरतंय म्हणली तरी ऐकलं न्हाई. कोड न्हाई, खरूज न्हाई. माझी घाई हाय ती."

मिशीवाला गोंधळला. त्याच्या म्हणीचं कुणी असं उत्तर देईल हे त्याला अपेक्षित नसावं. मागून मामा पुढं आला, "आन त्यांचं मलम म्या खाल्लंय! अजून तोंडाला फेस हाय, बघा!" मांडवात काही माणसं फिसकन हसली. पण बरीचशी हसली नाहीत. म्हातारी माणसं नवरदेवाकडं बघायला लागली.

तो पोरगा बाशिंग बांधून पाटाजवळ उभा होता. घामानं मुंडावळ्या गालाला चिकटलेल्या. आता ताईंकडं बघून म्हणाला, "दुखतंय का तिला?"

ताईंनी मागं खोलीच्या दाराकडं बघितलं. आम्ही सगळे तासभर नाचत होतो, दिसतंय का, किती दिसतंय, लांबून दिसंल का. दुखतंय का असं त्या पोरीला कुणीच विचारलं नव्हतं. आईनं नाही, मामानं नाही, मी नाही.

"इचारलं न्हाई," ताई हळू आवाजात म्हणाल्या.

"इचारून या की," तो म्हणाला.

त्या गेल्या. सगळा मांडव वाट बघत बसला, भटजीसुद्धा. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. "दुखतंय म्हणती. लई दुखतंय. पण उभी ऱ्हाते म्हणती."

पोरगा भटजींकडं वळला. "काका, मंगलाष्टकं थोडक्यात घ्या."

झालं. एवढंच. मिशीवाला खाली बसला. नवरी बाहेर आली ती उघड्या गालानं, आणि मामा तिच्या मागं उभा राहिला. ताई तिच्या बाजूला जेवणाचं ताट आडवं धरून उभ्या होत्या, गालावर अक्षता पडू नयेत म्हणून. त्या ताटावर तांदूळ तडतड वाजत होते. मी बाहेर येऊन गाडीला टेकलो आणि मला उगाचच शिव्या द्याव्याशा वाटत होत्या, कुणाला ते कळत नव्हतं.

पाठवणीची वेळ झाली. नवरीला घेऊन जायला माझीच जीप ठरली, कारण पिकअपला पुढं तिसरं माणूस बसत नाही. आई आली, गळ्यात पडून हंबरडा फोडला. मावश्या रडल्या, मामा तर लहान पोरासारखा रडला. नवरी मात्र ताठ उभी, ओठ दाबून. डोळ्यांत टिपूस नाही. बायकांत कुजबुज सुरू झाली, "काय दगडाची पोर हाय! आईला सोडून चालली तरी रडंना."

पोरीनं मान वळवली. ताई मागं उभ्या होत्या. तिनं अगदी हळू विचारलं, "ताई, रडले तर चालंल का? गालावर पाणी आलं तर चुरचुरंल ना?"

अरे देवा. ती पोरगी रडू अडवून उभी होती. परवानगी मागत होती.

ताईंनी तिच्या हनुवटीला हात लावला. "रड बाई," त्या म्हणाल्या. "पोटभर रड. मी टिपते."

आणि मग ती रडली. असं रडणं मी कुठल्या पाठवणीत ऐकलं नाही. ताई ओल्या फडक्यानं एकेक थेंब गालावर उतरायच्या आत टिपत होत्या. गाडीचं दार उघडलं, नवरी चढली आणि तिच्यामागून ताईही चढल्या. पाठराखीण म्हणून नवरीची चुलती जायची ठरली होती, ती पिशवी घेऊन तयार उभी. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी कुणीतरी आपलं माणूस जातं, ती पाठराखीण. ताई तिला म्हणाल्या, "तुमी उद्या या. आज मी जाते." चुलती बघतच राहिली.

मी म्हणालो, "ताई, नारायणगावचं केळवण?"

"तुमी गाडी हाणा," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हळू हाणा."

घाटघर ते जुन्नर, जुन्नर ते घोडेगाव आणि तिथून पुढं. नवरदेव माझ्या शेजारी पुढं. मागं पोरगी रडत होती, थांबत होती, पुन्हा रडत होती, आणि ताई टिपत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला तर कान दुखायला लागले त्या शांततेनं. खड्डा आला की नवरदेव मागं वळून बघायचा आणि मग माझ्याकडं बघायचा, जणू खड्डा मीच पाडला होता.

दिवेलागणीला त्यांच्या घरी पोचलो. त्या घरात मुलाची आई लग्नाला जात नाही, घरी थांबते आणि सुनेला दारात घेते. फोनवरून तिला काय काय कळलं असेल आणि कुणी कसं तिखटमीठ लावून सांगितलं असेल, कोण जाणे. म्हातारी उंबऱ्यात उभी होती, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. नवरी खाली मान घालून पुढं झाली. ताई तिच्या मागं, फडकं मुठीत धरून. मी गाडीत बसूनच बघत होतो. आता ही बाई काय म्हणते यावर त्या पोरीचं सगळं पुढचं होतं.

म्हातारीनं तुकडा ओवाळून टाकला. रीत अशी, की मग ओला हात सुनेच्या डोळ्यांना लावायचा. तिनं हात बुडवला, वर आणला आणि थांबली. "कंचा गाल गं?" तिनं विचारलं.

"डावा," पोरगी म्हणाली.

म्हातारीनं उजव्याच डोळ्याला पाणी लावलं. मग पोरीच्या मागं बघितलं. "पाठराखीण कोण आलीय?"

"मी," ताई म्हणाल्या.

"तुमी पोरीच्या कोण लागता?"

ताईंनी माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं. "मी कुणीच लागत न्हाई मावशी," त्या म्हणाल्या. "चुना लावला ती मी."

म्हातारी त्यांच्याकडं बघत राहिली. पार वरपासून खालपर्यंत बघितलं, पदरावर सुकलेलं पाणी, हातातलं फडकं, सगळं. मग उंबऱ्यातून बाजूला झाली.

"मग आता लागलाच की," ती म्हणाली. "या आत. पोरीला आदी वाऱ्याला बसवा."